आल्प्सचा चढ किलोमीटरने मोजू नये

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अलीकडे परदेशातील सायकल सहलींविषयी मजकूर येऊ लागला आहे, ही माझ्यासारख्या सायकलस्वारांना मनापासून आनंद देणारी गोष्ट आहे. सिंहगड, ताम्हिणी, कसारा, आंबोली येथे वर्षानुवर्षे घाम गाळलेल्या अनेकांना एकदा तरी आल्प्समधला एखादा नामांकित चढ स्वतःच्या पायांनी चढावा असे वाटते, आणि ते वाटणे अगदी रास्त आहे. मात्र अशा मजकुरात, आणि त्याच्या शेजारी छापल्या जाणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमांत, चढाचे वर्णन बहुधा केवळ अंतराने केलेले असते, ही गोष्ट मला सतत खटकते. ज्याने २०० किंवा ३०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरावीक वेळेत लांब अंतर पूर्ण करण्याची सायकल सफर) वेळेत पूर्ण केली आहे, त्याला ‘३५ किलोमीटरचा चढ’ हे शब्द वाचून ते अर्ध्या सकाळचे काम वाटते. तो त्या हिशेबाने तयारी करतो, त्याच हिशेबाने गिअर निवडतो, आणि परतीच्या विमानाचे तिकीटही तशाच घाईने काढतो. हा हिशेब मुळातच चुकीच्या मापाने केलेला असल्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते.

उदाहरणासाठी फ्रान्समधील गॅलिबिए ही खिंड घेतो, कारण पहिल्या मोठ्या चढासाठी मी स्वतः कोणालाही तिचेच नाव सुचवीन. तिची उंची २,६४२ मीटर आहे. १९११ साली टूर द फ्रान्स ही प्रसिद्ध सायकल शर्यत या खिंडीवरून प्रथम गेली आणि एमिल जॉर्जे हा माथा ओलांडणारा पहिला स्पर्धक ठरला. टूरचे संस्थापक आंरी देग्रांज यांचे स्मारकही याच खिंडीच्या दक्षिण उतारावर, बोगद्याच्या तोंडाजवळ, १९४९ साली उभारले गेले. उत्तरेकडून चढायचे तर सुरुवात सेंट-मिशेल-द-मोरिएन या गावातून होते. तेथून टेलेग्राफ खिंडीपर्यंत (१,५६६ मीटर) ११.९ किलोमीटर अंतर आणि सरासरी ७.१ टक्के चढ (म्हणजे दर शंभर मीटरला ७.१ मीटर उंची), मग वालोआर गावापर्यंत सुमारे पाच किलोमीटरचा उतार, आणि वालोआरपासून माथ्यापर्यंत १८.१ किलोमीटर अंतर आणि सरासरी ६.९ टक्के चढ. एकूण अंतर ३५ किलोमीटर भरते हे खरे. पण चढायची उंची २,१०० मीटरच्या आसपास आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंचीचे आहे, म्हणजे टेलेग्राफच्या माथ्यावर पोहोचलेला सायकलस्वार जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर असतो, आणि तेथून गॅलिबिएचा माथा आणखी हजार मीटरहून अधिक वर राहिलेला असतो.

मनालीहून रोहतांगपर्यंत सायकलने गेलेले अनेक मराठी सायकलस्वार आहेत आणि आल्प्सची उंची ऐकून ‘हे तर रोहतांगपेक्षा पुष्कळच ठेंगणे’ असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. रोहतांगची उंची ३,९७८ मीटर आहे आणि तेथील विरळ हवेचा त्रास निःसंशय मोठा आहे. परंतु मनाली ते रोहतांग हा रस्ता ५१ किलोमीटरचा आहे आणि त्यात सुमारे १,९०० मीटर उंची चढावी लागते. म्हणजे त्याची सरासरी चार टक्क्यांच्याही आत राहते. गॅलिबिएच्या वाटेवर त्याहून जास्त उंची, मधला उतार वगळला तर, केवळ ३० किलोमीटरमध्ये चढायची असते. पायांवर आणि गुडघ्यांवर पडणारा भार चढाच्या टक्केवारीने ठरतो, माथ्याच्या उंचीने नव्हे.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की कोणत्याही चढाचा बेत आखताना पहिला प्रश्न ‘किती किलोमीटर’ हा नसावा, तर ‘मी तासाला किती मीटर उंची चढू शकतो’ हा असावा. हा आकडा शोधणे अवघड नाही. पुण्याच्या सायकलस्वाराने सिंहगडाच्या पायथ्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत लागणारा वेळ मोजावा. तेथे सुमारे ६०० मीटर उंची मिळते. मात्र ताज्या पायांनी एकदाच चढून मिळालेला आकडा फसवा असतो. एकाच सकाळी लागोपाठ तीन वेळा सिंहगड चढावा आणि तिसऱ्या वेळेचा वेग प्रमाण मानावा, कारण गॅलिबिएच्या शेवटच्या आठ किलोमीटरमध्ये पाय साधारण त्याच अवस्थेत असतात. नियमित सराव असलेल्या पण स्पर्धक नसलेल्या माणसाचा हा आकडा तासाला ६०० मीटर आला, तर मी तो चांगला समजेन. त्या वेगाने टेलेग्राफला सुमारे दीड तास, वालोआरपासून माथ्यापर्यंत दोन तासांहून थोडा अधिक वेळ, असे साडेतीन तास केवळ चढण्यात जातात. त्यात वालोआरमधील विश्रांती मिळवावी लागते, आणि २,००० मीटरच्या वर शरीराची ताकद कमी होते याचेही पंधरा-वीस मिनिटे धरावी लागतात. गॅलिबिएच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत पाऊण हिश्श्याहूनही कमी असतो. आपल्या सह्याद्रीत याचा अनुभव घेण्याची सोयच नाही.

हा वेग एकदा हाती आला, की गिअरचा प्रश्न आपोआप सुटतो, आणि याच प्रश्नावर आपल्याकडे सर्वांत कमी विचार होतो असे माझे मत आहे. तासाला ६०० मीटर उंची चढणारा माणूस नऊ टक्क्यांच्या चढावर ताशी साडेसहा-पावणेसात किलोमीटर वेगाने जातो. पुढे ३४ दात्यांची चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चक्र) आणि मागच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चक्रांच्या संचात, सर्वांत मोठे चक्र २८ दात्यांचे असेल, तर या वेगाला पेडल मिनिटाला केवळ ४४ फेरे मारते. इतक्या मंद गतीने दोन तास पेडल दाबत राहणे म्हणजे गुडघ्यांना शिक्षा आहे. मागे ३४ दात्यांचे चक्र बसवले तर हेच फेरे ५३ होतात, आणि शक्य असेल त्याने याहूनही हलका गिअर घ्यावा. मोठी कॅसेट बसवताना मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तेवढे दाते पेलतो की नाही आणि चेनची लांबी पुरते की नाही, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे, आणि तो बदल प्रवासाच्या आदल्या आठवड्यात न करता दोन-तीन महिने आधी करून घाटात वापरून पाहावा. हलक्या सायकलीच्या मोहात लाखभर रुपये जास्त मोजणाऱ्यांसाठी एक हिशेब देतो. सायकलस्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन असेल, तर त्यातला एक किलो कमी केल्याने या संपूर्ण चढावर वाचणारा वेळ अडीच मिनिटांच्या आसपास असतो. काही हजारांच्या कॅसेटने जे साधते, ते या अडीच मिनिटांच्या तुलनेत कितीतरी मोलाचे आहे.

सरावासाठी आपल्याकडे चढ नाहीत ही तक्रार मला मान्य नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर हा सुमारे ४० किलोमीटरचा रस्ता जवळजवळ समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या वर नेतो आणि तीन-चार तास सलग खोगिरावर बसून चढत राहण्याची सवय लावतो. चढाची तीव्रता सिंहगडावर मिळते आणि चढाची लांबी आंबेनळीत मिळते. या दोहोंचा मेळ घालणे हेच सरावाचे काम आहे. खरी अडचण ऋतूंची आहे. जुलैमध्ये आल्प्सला जायचे तर मुख्य सराव मार्च ते मे या रणरणत्या महिन्यांत करावा लागतो, तो पहाटे पाचला सुरू करून नऊच्या आत संपवणेच श्रेयस्कर. सप्टेंबरमध्ये जायचे असेल तर मुख्य सराव पावसाळ्यात येतो. ओल्या रस्त्यावर घाट उतरण्याचा सराव आल्प्ससाठी उपयोगाचा आहे हे खरे, परंतु दरडी आणि धुके असलेल्या दिवशी घाटात जाण्याचा अट्टहास कोणीही करू नये. त्या दिवशी घरी ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवण्याच्या साधनावर) दोन तास पेडल मारलेले पुरते.

जाण्याच्या महिन्याविषयी माझे मत सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याकडे झुकते. गॅलिबिएचा रस्ता साधारण जूनच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरपर्यंत खुला असतो, पण जूनमध्ये बर्फ काढण्याचे काम लांबले तर सगळा बेत कोसळू शकतो. जुलैमध्ये टूर द फ्रान्सच्या दिवशी त्या मार्गावरील रस्ते तासन्‌तास बंद ठेवले जातात आणि आसपासच्या गावांत राहायला जागा मिळत नाही. ज्यांना टूर पाहायचीच आहे त्यांनी अवश्य जुलैत जावे, मात्र टूर पाहण्याचा दिवस आणि स्वतः चढण्याचा दिवस यांत पुरेसे अंतर ठेवावे. सप्टेंबरात दिवस थोडा लहान होतो, सकाळी गारठा अधिक असतो, पण रस्त्यावर मोटारींची आणि मोटारसायकलींची गर्दी पुष्कळ कमी असते.

आता हवामानाविषयी, कारण सर्वाधिक काळजी याच बाबतीत घ्यायला हवी. उंची दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी तापमान खाली आणते. सेंट-मिशेलमध्ये २५ अंशांचे प्रसन्न ऊन असले तरी गॅलिबिएच्या माथ्यावर १२-१३ अंशच असू शकतात, आणि ढग व वारा असल्यास याहूनही कमी. १९९६ साली जुलै महिन्यात बर्फामुळे टूरचा इझेराँ आणि गॅलिबिए या दोन्ही खिंडींवरून जाणारा टप्पा १९० किलोमीटरवरून ४६ किलोमीटरवर आणावा लागला. १९९८ साली थंड पावसात मार्को पंतानी गॅलिबिएच्या चढावर पुढे निसटला आणि त्या दिवशी पिवळ्या जर्सीत, म्हणजे शर्यतीत आघाडीवर, असलेल्या यान उलरिशने त्याच्या तुलनेत जवळजवळ नऊ मिनिटे गमावली. २०१९ साली गारपीट आणि रस्त्यावर आलेल्या चिखलामुळे इझेराँच्या पलीकडे शर्यत चालू असतानाच थांबवावी लागली. ज्यांच्या मागे मोटारी, मेकॅनिक आणि डॉक्टर असतात त्यांनाही पर्वत परत फिरवतो, तर जर्सीच्या खिशात एक पातळ जाकीट घेऊन निघालेल्या आपल्यासारख्यांनी किती सावध असावे, हे वेगळे सांगायला नको.

दुपारच्या गडगडाटी पावसापासून बचाव करण्याचा एकच खात्रीचा उपाय आहे, आणि तो म्हणजे सकाळी सातच्या सुमारास पेडलवर पाय ठेवणे. वर दिलेल्या वेगाने साडेआठपर्यंत टेलेग्राफ, नऊच्या आत वालोआर आणि साडेअकराच्या आसपास माथा गाठता येतो. वालोआरमध्ये दोन्ही बाटल्या भरून घ्याव्यात आणि पोटात काही ढकलावे, कारण त्यापुढे मोठे गाव नाही. चढताना दर तासाला सुमारे ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. चिक्की, खजूर, गुळाची पोळी यांपैकी जे सरावात पचले असेल ते सोबत न्यावे. नवे एनर्जी जेल पहिल्यांदा आल्प्समध्येच फोडून पाहू नये. वालोआरनंतरचे पहिले दहा किलोमीटर तुलनेने सौम्य आहेत आणि येथे हुरूप येऊन वेग वाढवण्याचा मोह होतो. प्लाँ लाशा या ठिकाणी रस्ता ओढा ओलांडून वळतो, आणि तेथून माथ्यापर्यंतचे आठ किलोमीटर आठ-नऊ टक्क्यांचे आहेत. शेवटचा किलोमीटर तर सर्वांत उभा. परत फिरण्याचा निर्णय प्लाँ लाशाला घ्यावा. माथ्यावर काळे ढग असतील, अंगात थरथर असेल किंवा घड्याळात साडेअकरा वाजून गेले असतील, तर तेथूनच मागे वळावे, आणि हा नियम आदल्या रात्री सोबत्यांशी बोलून पक्का करावा. ऐन चढावर, माथा दिसत असताना, असा निर्णय नव्याने घेणे फार थोड्यांना जमते.

फ्रान्समधील अशा चढांवर दर किलोमीटरला एक छोटा फलक असतो, ज्यावर माथा किती दूर आहे, आपण किती उंचीवर आहोत आणि पुढच्या किलोमीटरची सरासरी किती टक्के आहे, हे लिहिलेले असते. श्रमाचे नियोजन करायला त्याचा फार उपयोग होतो. आपल्या सार्वजनिक बांधकाम विभागाने सिंहगड, आंबेनळी आणि आंबोली येथे असे फलक लावले तर खर्च किरकोळ येईल आणि सायकलस्वारांबरोबर चालणाऱ्या-धावणाऱ्यांचीही सोय होईल, ही सूचना या निमित्ताने करून ठेवतो.

माथा गाठला म्हणजे काम संपले असे समजून उतार हा आनंदाचा भाग मानला जातो. मला मात्र बेतातला सर्वांत गंभीर भाग तोच वाटतो. घामाने भिजलेल्या अंगाने ताशी ५० किलोमीटर वेगाने थंड वाऱ्यात शिरल्यावर बोटे बधिर होतात आणि ब्रेकची पकड ढिली पडते. म्हणून वारा अडवणारे जाकीट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि हातांच्या बाह्या माथ्यावरच, अंग गरम असतानाच चढवाव्यात. ब्रेक सतत दाबून धरू नये. सरळ पट्ट्यात सोडावा आणि वळणाआधी जोर देऊन वेग कमी करावा, नाहीतर रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे ब्रेक) असलेल्या चाकांत उष्णता साठून ट्यूब फुटण्याचा धोका असतो. तेथे वाहतूक उजव्या बाजूने चालते. सपाट रस्त्यावर हे लगेच अंगवळणी पडते, पण थकलेल्या अवस्थेत तीव्र वळणातून बाहेर पडताना जुनी सवय उसळी घेते आणि माणूस नकळत डावीकडे सरकतो. सायकल तेथे भाड्याने घेतली असेल तर तिचा पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो, हेही पहिल्याच दिवशी सपाट रस्त्यावर तपासून घ्यावे. आणि सेंट-मिशेललाच परतायचे असेल, तर वालोआरनंतर टेलेग्राफपर्यंतचे पाच किलोमीटर पुन्हा चढावे लागतात. सुमारे १६५ मीटरची ही चढण कागदावर क्षुल्लक दिसते. पण उतारावर थंड पडलेल्या पायांना ती जड जाते आणि तिच्यासाठी पाणी व खाणे शिल्लक ठेवावे लागते.

या सगळ्याचा विचार केला, म्हणजे तीन दिवसांत तीन प्रसिद्ध चढ दाखवणाऱ्या सहलींविषयी माझी हरकत का आहे, ते लक्षात येईल. इटलीतील स्टेल्व्हिओ प्राटो गावाकडून २४ किलोमीटरहून लांब आहे, त्याला ४८ वळणे आहेत आणि १,८०० मीटर उंची चढावी लागते. फ्रान्समधील आल्प द्युएझ १३.८ किलोमीटरचा असला तरी सरासरी आठ टक्क्यांहून अधिक आहे आणि त्याची पहिली काही वळणे फार निर्दय आहेत. यांपैकी प्रत्येक चढ स्वतंत्र तयारीचा विषय आहे. लांबच्या विमानप्रवासानंतर, झोप बिघडलेली असताना, दुसऱ्याच दिवशी एक आणि लगेच तिसऱ्या दिवशी दुसरा, असा कार्यक्रम सुदृढ माणसालाही झेपणारा नाही, आणि एका दिवसाच्या पावसाने तो सगळा विस्कटतो. ला मार्मोत ही सुमारे १७४ किलोमीटर अंतराची आणि ५,००० मीटर चढाची हौशी सायकलस्वारांची शर्यत तर पहिल्या खेपेचे लक्ष्य म्हणून कोणीही कोणाला सुचवू नये. माझ्या मते पहिल्या खेपेला एकच चढ ठरवावा. पोहोचल्यावर एक दिवस विश्रांती, दुसऱ्या दिवशी केवळ टेलेग्राफपर्यंत जाऊन परत, मग एक दिवस मोकळा, आणि त्यानंतरच्या तीन दिवसांतला हवामानाने सर्वांत अनुकूल ठरवलेला दिवस गॅलिबिएसाठी. उरलेल्या दिवसांत जे पाहायला आणि चालवायला मिळेल ते मिळेल.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमा संरक्षण लागते. परंतु व्हिसासाठी पुरेसा असलेला विमा पर्वतावरील सायकलिंगला लागू असतोच असे नाही. पॉलिसीतील वगळलेल्या बाबींची यादी वाचावी आणि डोंगरातून सुटका करण्याचा खर्च तीत धरला आहे का, हे लेखी विचारावे. युरोपभर चालणारा ११२ हा आपत्कालीन क्रमांक फोनमध्ये आणि सोबत्यांच्याही फोनमध्ये असावा.

शेवटी आपल्याकडे एक विनंती आहे. पुरवणीत यापुढे कोणत्याही डोंगरी सायकल मार्गाची माहिती देताना अंतराबरोबर एकूण चढाची उंची, सर्वांत तीव्र पट्ट्याची टक्केवारी आणि रस्ता खुला असण्याचे महिने, एवढी माहिती आवर्जून छापावी, आणि सहलींच्या जाहिराती देणाऱ्यांकडूनही ती मागावी. सप्टेंबरमध्ये जाऊ इच्छिणाऱ्यांचा सराव उन्हाळ्याआधीच सुरू व्हायला हवा, त्यामुळे ही माहिती फेब्रुवारीच्या अंकांत आली तर तिचा खरा उपयोग होईल.

आपला विश्वासू,
एक सायकलस्वार वाचक,
पुणे